विमा गाडीचा नव्हे, चालवणाऱ्याचा

मुलगा सतरा वर्षांचा झाला की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत मोटारसायकलचा विषय निघतो. मोटार परवडत नाही, तिचा विमा तर त्याहून नाही. मग दोन दिवसांत सीबीटी उरकून १२५ सीसीची बाईक घ्यावी, असा हिशेब होतो. बाईक घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला लिहायचे आहे ते विम्याविषयी. पॉलिसी घेताना आपण पुण्या-कोल्हापूरचे गणित इथे लावतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतात थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो आणि पॉलिसी गाडीबरोबर जाते. "जरा गाडी दे रे, मंडईत जाऊन येतो," असे मित्र म्हणाला आणि त्याच्याकडे लायसन्स असले, तर किल्ली देताना कोणी विम्याचा विचार करत नाही. ब्रिटनमध्ये कंपनी माणूस पाहते: वय, अनुभव, पत्ता, गाडी रात्री कुठे उभी असते, ती कशासाठी वापरणार. सर्टिफिकेटवर ज्याला परवानगी नाही त्याने ती चालवली तर गाडी विनाविमा धरली जाते. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टप्रमाणे चालवणारा दोषी असतोच, शिवाय ती चालवू देणाराही. दंड ३०० पौंड व सहा पॉइंट. प्रकरण कोर्टात गेले तर याहून जास्त. पहिले पूर्ण लायसन्स मिळून दोन वर्षे झाली नसतील तर सहा पॉइंटांत लायसन्सच रद्द होते.

आता थोडे कडू बोलतो. मुलाच्या नावाने हप्ता फार येतो, म्हणून पॉलिसी वडिलांच्या नावावर आणि मुलगा नुसता 'नेम्ड रायडर', ही युक्ती आपल्यात हुशारी समजली जाते. रोज कॉलेजला बाईक मुलगाच नेत असेल तर इथे तिला 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक आहे. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कंपनी पॉलिसी रद्दबातल ठरवून सगळे दावे नाकारू शकते. जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला बहुधा पैसे मिळतात, पण ते नंतर आपल्याकडून वसूल होऊ शकतात. पादचाऱ्याच्या मणक्याला इजा झाली तर ती रक्कम लाखो पौंडांत जाऊ शकते. वाचवलेले चार-पाचशे पौंड तिथे कुठे पुरणार?

नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. संध्याकाळी जेवणाचे डबे पोचवण्याचे काम अनेक जण धरतात. 'सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर' या वापरात असली डिलिव्हरी बसत नाही. कामावर जाण्या-येण्याचे 'कम्युटिंग' घेतले तरी नाही. त्याला 'हायर अँड रिवॉर्ड' हे कलम लागते आणि ते महाग असते. भारतीय लायसन्सवर इथे स्थायिक झाल्यापासून बाराच महिने चालवता येते, हेही विसरू नये.

थर्ड पार्टी, त्यावर आग व चोरी, आणि काँप्रिहेन्सिव्ह हे तीन प्रकार बहुतेकांना ठाऊक असतात. चोरीला गेल्यास बाजारभाव मिळतो, खरेदीची किंमत नव्हे, आणि त्यातूनही एक्सेस वजा होतो. गाडी रात्री गॅरेजमध्ये असते असे लिहिले आणि ती रस्त्यावरून गेली, तर भांडण ठरलेलेच. हेल्मेट आणि जाकिटाची भरपाई बऱ्याच पॉलिसींत नसते (पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांना हा तोटा जाणवायचा नाही).

स्वतःच्या हाडांचा विचार मात्र फारच थोडे करतात. भारतात २०१८ पासून मालक-चालकासाठी पंधरा लाख रुपयांचे अपघात संरक्षण सक्तीचे आहे. इथे तशी सक्ती नाही. चूक आपलीच असेल तर थर्ड पार्टी पॉलिसी आपल्याला एक पेनीही देत नाही. एनएचएस पाय जोडून देईल, पण सहा महिन्यांचा बुडालेला पगार देणार नाही. घरात एकच कमावता असेल तर 'पर्सनल ॲक्सिडेंट' कव्हर किती रकमेचे आहे, हे हप्त्याच्या आकड्याआधी विचारावे, असे मला वाटते.

कागद हाती आल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी परत करता येते. वापरलेल्या दिवसांचे पैसे कापले जातात. त्या दोन आठवड्यांत एका रविवारी चहा घेऊन मुलाला शेजारी बसवावे आणि सर्टिफिकेटवर कोणाची नावे आहेत, कोणता वापर लिहिला आहे, हे त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.