विणणारीला नाव नाही

काही वर्षांपूर्वी एका साहित्यविषयक परिसंवादात मी मागच्या रांगेत बसले होते. मांडीवर मोजा होता, पाच बारीक सुयांवर चढवलेला, टाचेपर्यंत आलेला. व्यासपीठावरचे वक्ते एका कादंबरीच्या ‘घट्ट विणी’बद्दल बोलत होते. कथानकाचे धागे, उपकथानकांची गुंफण, शेवटाकडे येणारी उसवण असं सगळं चाललं होतं. मध्येच थांबून ते हसत म्हणाले, “मागच्या ताई, विणकाम घरी गेल्यावर करा, इथे जरा लक्ष असू द्या.” सभागृह हसलं. मीही हसले आणि सुया पिशवीत टाकल्या.

राग यायला दोन दिवस लागले. त्याच सभागृहात आठ-दहा जण मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. विणताना माझे हात गुंतलेले होते, कान मोकळे होते. पण मुद्दा तो नाही. ज्या कामाच्या शब्दांवर ते भाषण उभं होतं, ते काम प्रत्यक्ष समोर आल्यावर वक्त्यांना त्यात फक्त लक्ष नसणं दिसलं. वीण शब्दांची असली की कला आणि लोकरीची असली की वेळ घालवणं, हा समज त्या एका गृहस्थांचा नाही. तो आपला सगळ्यांचा आहे. कित्येक वर्षं तो माझाही होता.

माझं म्हणणं सरळ आहे. रोजच्या वापराची वस्तू सुईवर योजून घडवणं हे रचनेचं काम आहे. त्याला ‘छंद’ किंवा ‘मोकळ्या वेळातलं काम’ म्हणणं हा निरुपद्रवी शब्दप्रयोग नाही. त्या शब्दामुळे कुणाची तरी मजुरी बुडते.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद ऐसपैस आहे. मागावर कापड विणतात, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळं विणतो, दोन्ही अर्थांचा कोळी, आणि सुईवर स्वेटरही विणतात. इंग्रजीत मागाचं आणि सुईचं विणणं वेगवेगळं. मराठीने ते एकाच शब्दात ठेवलं. मात्र नाम द्यायची वेळ आली तेव्हा हा मोठेपणा आटला. मागावर विणणारा तो विणकर. त्याला साळी, कोष्टी अशी नावं आहेत, पेठ आहे, परंपरा आहे, कबीर आहे. सुईवर विणणारीला मराठीत नाव नाही. ‘तिला विणकाम येतं’ एवढंच आपण म्हणतो, जसं पोहणं येतं किंवा रांगोळी येते. काम येतं, पण ते काम करणारी म्हणून ती कोणी नसते.

आता ‘येतं’ म्हणजे नेमकं काय येतं, ते पाहा. स्वेटर घालायच्या आधी विणणारी एक छोटा चौकोन विणून बघते. त्यात दहा सेंटिमीटरला २२ टाके बसले आणि छातीचा घेर ९० सेंटिमीटर हवा असला तर १९८ टाके. तेवढेच टाके घालून हात जरा सैल पडला, दहा सेंटिमीटरला २० च बसले, तर घेर ९९ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांच्या फरकाने नऊ सेंटिमीटर. म्हणून सुईचा नंबर बदला, नाहीतर टाके बदला. मग कमरेला आणि मनगटाला एक सुलट-एक उलट, कारण ती वीण ताणते आणि पुन्हा आवळते. मुंढ्याला किती टाके कुठे कमी करायचे, बाही किती ओळींमागे रुंदावायची, गळा डोक्यातून जाईल एवढा ठेवायचा आणि तरी खांद्यावरून घसरू द्यायचा नाही. शिवणकामात कापड आधी असतं आणि मग ते कापायचं असतं. विणकामात कापड आणि कपडा एकाच वेळी तयार होतात. कापण नाही, चिंध्या नाहीत. चूक झाली तर उसवून धागा पहिल्यासारखा हातात.

या उसवता येण्यावर कितीतरी घरांतले हिवाळे निघाले आहेत. पोराला आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लड करून धुवायची, वाळवून पुन्हा गुंडा करायचा आणि मोठ्या मापाचे टाके घालायचे. लोकर पुरणार नाही हे आधीच ठाऊक असतं. मग उरलेल्या दुसऱ्या रंगाचा पट्टा नेमका कुठे घातला म्हणजे तो कमतरता न वाटता नमुना वाटेल, हे ठरवावं लागतं. उपलब्ध साहित्य, मोजमाप, वापर आणि रूप या चौघांचा मेळ घालण्याला रचनाशास्त्राच्या संस्थांत ‘डिझाइन’ म्हणतात आणि ते शिकवायला फी घेतात.

क्रोशाचंही तेच. भाजीची पिशवी घ्या. अंग साखळ्यांच्या जाळीचं, म्हणजे रिकामी असताना मुठीत मावते आणि कांदे-बटाटे घातले की ताणते. पण पट्टा तसाच जाळीचा केला तर वजनाने गुडघ्यापर्यंत लोंबेल. म्हणून तिथे मुके खांब, दाट आणि न ताणणारे. धागा सुती, कारण पिशवी धुवावी लागते. कुठे ताणू द्यायचं आणि कुठे नाही, हे पिशवी करणारीला पक्कं कळतं. तिला ते विचारायला मात्र कुणी जात नाही.

गणितज्ञ गेले. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिन्या या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी अतिपरवलयी पृष्ठभागाची प्रतिकृती क्रोशाने केली. त्याआधीच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटत. हिची रीत अशी, की दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत जायचं, प्रत्येक ओळीत, न चुकता. कड लाटांसारखी दुमडत जाते. आपल्याकडे रुमालाला झालर करणाऱ्या बायकांनी हीच वाढ हजारदा केली आहे. त्यांना युक्लिडेतर भूमिती येत होती असा दावा मी करत नाही. प्रमेय मांडणं वेगळं आणि झालर करणं वेगळं. पण विचार हातातून होऊ शकतो, आणि जे कागदावर टिकत नव्हतं ते धाग्यात टिकलं, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

नावांचा हिशेबही एकदा करून टाकू. समोरून उघडणाऱ्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात. मानेपासून तिरक्या जोडलेल्या बाहीला रॅगलन म्हणतात. डोकं-कान-गळा झाकणाऱ्या टोपीला इंग्रजीत बालाक्लावा म्हणतात, आपण तिला माकडटोपी म्हणतो. तिन्ही नावं क्रिमियाच्या युद्धातली. रॅगलन ब्रिटिश फौजेचे सेनापती, कार्डिगन २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लावाच्या लढाईत घोडदळाला तोफांच्या तोंडी घेऊन गेलेले सरदार. कपड्यांच्या इतिहासात सेनापती उरले, सरदार उरले, रणांगण उरलं. विणणारं कोणी उरलं नाही.

हे काम बायकांचंच, हेही काही निसर्गाने ठरवलेलं नाही. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस सुईवर विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. १५८९ मध्ये विल्यम ली यांनी मोजे विणण्याचं यंत्र केलं, पुढे यंत्रं वाढत गेली आणि हातविणीचा बाजारभाव घसरत गेला. जिथे मोबदला होता तिथे तो धंदा होता. मोबदला गेला तसं ते ‘बायकांना शोभणारं काम’ झालं.

क्रोशाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि इथे सौम्य बोलून चालणार नाही. सुईवरची वीण यंत्राला जमते. लुधियानातले कारखाने ती ढिगाने काढतात, आणि दर हिवाळ्यात आपल्या शहरांत लागणाऱ्या तिबेटी स्वेटर बाजारात मुख्यतः तोच माल असतो. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्र काढतं, पण मुका खांब आणि खांब घालून विकाऊ माल काढणारं यंत्र बाजारात नाही. म्हणजे मॉलमध्ये पाचशे रुपयांना दिसणारा खऱ्या क्रोशाचा टॉप कुणीतरी आकडा हातात धरून, टाका टाका मोजून केलेला आहे. त्या पाचशेतून धागा, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि मधल्या सगळ्यांचा नफा वजा करा. उरेल ते एका बाईच्या कित्येक तासांचं मोल.

हे कसं घडतं याचा धडा आंध्रातल्या नरसापूरने दिला आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या कारागीर बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिलं. निर्यातदार आणि व्यापारी या बायकांना कामगार मानतच नव्हते. त्या गृहिणी, घरकाम उरकून फावल्या वेळात लेस करतात, असा सगळा हिशेब. प्रत्यक्षात त्या दिवसाचे कित्येक तास हेच काम करत आणि शेतात राबणाऱ्या मजूर बाईपेक्षाही कमी मिळवत. उंबऱ्याबाहेर मजुरीला जावं लागत नाही ही प्रतिष्ठेची खूण, म्हणून बायकाही गप्प. ‘फावला वेळ’ या दोन शब्दांनी जे काम केलं, ते कुठल्याही मुकादमाला जमलं नसतं. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता लेसला नाव आहे. ती करणारीला हातावरचा नग पुरा करून नगावरच पैसे घ्यायचे आहेत.

माझ्याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मागच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी सुया रागाने खाली ठेवल्या. मुलीच्या हाताला काही ना काही काम असलंच पाहिजे, तिने पुस्तक घेऊन बसू नये, म्हणून तिच्या हातात लोकर दिली जात होती. शाळेत मुलग्यांना सुतारकाम, मुलींना शिवण-विणकाम. कपाटं भरून रुमाल झाले. टीव्हीवर रुमाल, फोनवर रुमाल, रुमालावर फुलदाणी. ज्यांनी हे नाकारलं त्यांनी बरोबर केलं. पण त्यांचं भांडण सक्तीशी होतं आणि तिच्याबरोबर त्या विद्येलाही आपण अडगळीत टाकलं. स्वयंपाकाचीही सक्ती होती. तरी मोठ्या हॉटेलातला आचारी शेफ झाला, त्याच्या पाककृती त्याच्या नावाने छापल्या जाऊ लागल्या. विणकामाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

दुसरा शत्रू जास्त गोड आहे. ‘आजीच्या मायेची ऊब’. दरवर्षी थंडीत हे वाक्य कुठे ना कुठे छापून येतं. बाळंतविड्यातलं टोपडं आणि स्वेटर हातात घेऊन डोळे भरून येतात, मग ते कापडात गुंडाळून माळ्यावर जातं. मायेला किंमत नसते, असं म्हणत म्हणत आपण तिच्या कामालाही किंमत दिली नाही. आजीला माया होती, तसा हिशेबही होता. माझ्याकडे कुणी स्वेटर मागितला की मी हल्ली लोकरीचे पैसे आणि तासांचे पैसे वेगवेगळे सांगते. पुढचा माणूस हमखास म्हणतो, “पण तुम्हाला तर आवडतं ना?” कवीला मानधन देताना हेच विचारा, म्हणजे या प्रश्नातला उद्धटपणा कळेल. तरी कवीलाही हे विचारणारे भेटतातच, म्हणून या अंकाच्या वाचकांना तो लवकर कळावा.

या वाचकांशी माझं आणखी एक काम आहे. आपण अनेक भाषांत वावरतो, म्हणून सांगते. महिला मासिकांच्या मागच्या पानांवर विणकामाची एक घट्ट, काटकसरी मराठी घडली होती. सुलट, उलट, टाके घालणे, टाके बंद करणे, मुंढा, वेणी, साखळी, खांब, मुका खांब. नव्या मुली इंग्रजी व्हिडिओंवरून शिकतात. शिकू देत. पण त्या इंग्रजीतच गोंधळ आहे. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल तो ब्रिटनचा ट्रेबल. एकीची कृती दुसरीच्या शब्दांत केली की माप चुकतं. मराठीने आकडा न मोजता आकार पाहिला. उभा दिसतो तो खांब. हा शब्द कुठल्याही शब्दकोशकाराने घडवलेला नाही. तो हातातून आला आणि हात थांबले की जाईल. बोलीतला एखादा शब्द हरवला म्हणून आपण परिसंवाद घेतो. हे शब्द हरवताना आपण विणणारीला सुया आत ठेवायला सांगतो.

तेव्हा मागणी फार नाही. हातविणीची वस्तू घेताना किती तास लागले ते विचारा आणि मग घासाघीस करायची हिंमत होते का पाहा. नमुना ज्या बाईने बसवला तिचं नाव नमुन्याखाली छापा. घरातला मोजा, पिशवी, स्वेटर वापरा, झिजवा, उसवा, पुन्हा विणा. माळ्यावर पूजेला ठेवू नका. आणि विणणारीसाठी एक शब्द शोधा. विणकर हा शब्द तिलाही लागू करता येईल, त्याला कुठे लिंग चिकटलेलं नाही.

तो मोजा मी घरी येऊन पुरा केला. परिसंवादाला अजूनही जाते. सुया घेऊन जाते आणि आता पुढच्या रांगेत बसते.