पिप्पा, गंज आणि चिखल

गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात एक सोव्हिएत रणगाडा उभा आहे. लांबी साधारण वीस सेंटिमीटर, रुंदी नऊ. पीटी-७६ हे त्याचे नाव आणि एकास पस्तीस हे त्याचे प्रमाण. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले त्याचे शेकडो सुटे भाग खोक्यातून निघाले, तेव्हा घरातल्यांनी थट्टा केली. साठीनंतरची बुद्धी, दुसरे काय! पुढे थट्टा थांबली आणि सगळ्यांनी निमूटपणे आपापली ताटे अलीकडे सरकवून घेतली. जालन्यात मिळणार नाहीत अशा रंगांच्या बाटल्या पुण्याहून पार्सलने येऊ लागल्या, तेव्हा मात्र एका जुन्या सहकाऱ्याने विचारलेच, "या वयात खेळणी?"

खेळणे नव्हे, जुने देणे फेडतो आहे, असे मी त्याला सांगितले. ते देणे असे.

बँकेत असतानाच मी कादंबऱ्या लिहू लागलो. त्यातल्या एकीत १९७१च्या युद्धाचे एक प्रकरण होते. पूर्व सीमेवर आपले रणगाडे रात्री नदी ओलांडतात आणि आतले पाच जवान गावाकडच्या गप्पा मारतात, असा प्रसंग होता. वाचकांना तो आवडला, मलाही आवडला होता. काही दिवसांनी पेन्शनच्या तारखेला माझ्या टेबलाशी एक निवृत्त हवालदार आले. पायदळातले, १९७१ साली पूर्वेकडे होते. पासबुक पुढे करत म्हणाले, "साहेब, पुस्तक वाचलं तुमचं. चांगलं हाय. पर त्या रणगाड्यात पाच माणसं बसली कुठं?"

मी हसून वेळ मारून नेली. पण ज्या माणसाने एक रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत शाखा उघडी ठेवली होती, त्याच माणसाने दोन माणसे जास्तीची लिहिली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. ही रुखरुख राहिली. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा ते खोके मागवले.

पीटी-७६ हा हलका, पाण्यातून जाणारा रणगाडा सोव्हिएत सैन्यात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. वजन सुमारे चौदा टन, तोफ ७६ मिलिमीटरची. नदी आली की पूल शोधायचा नाही, पुढची फळी उभी करायची आणि सरळ पाण्यात उतरायचे. मागच्या बाजूला पाण्याचे दोन झोत सोडणारी यंत्रणा असते. ती खालून पाणी ओढते आणि मागे फेकते. वळायचे असेल तर एका बाजूचा झोत अडवायचा. पाण्यातला वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली सायकल जेमतेम जाते तेवढा. भारतीय सैन्यात पंजाबी जवानांनी याचे नाव ठेवले 'पिप्पा', म्हणजे तुपाचा रिकामा डबा. तो बुडत नाही म्हणून. २०२३ साली याच नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावर पडला.

त्या चित्रपटामागची लढाई खरी आहे. २१ नोव्हेंबर १९७१ची धुक्याची पहाट, ठिकाण आजच्या बांगलादेशातले गरीबपूर. युद्ध रीतसर सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. ४५ कॅव्हलरीच्या एका स्क्वाड्रनचे चौदा पिप्पे आणि १४ पंजाबचे पायदळ एका बाजूला, तर पाकिस्तानचे पायदळ आणि अमेरिकी बनावटीचे चॅफी रणगाडे दुसऱ्या बाजूला. दिवस वर येईपर्यंत चॅफींचे ते स्क्वाड्रन जवळजवळ संपले होते. पिप्प्यांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारंग झाकण उघडून, बाहेर डोके काढून लढाई चालवत होते. ते त्यातच पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

एवढे पुस्तकातूनही कळले असते. पण पुस्तक वाचून जे कळत नाही, ते हाताने जोडताना कळते.

पहिली गोष्ट माणसांची. बुरूज जोडायला घेतला, तेव्हा ध्यानात आले की आत जागाच नाही. पुढे मधोमध चालक, वर बुरुजात दोघे. एकूण तीन. डावीकडचा प्रमुख हाच नेम धरणार, हाच बिनतारी संदेश देणार आणि हाच बाकीच्या रणगाड्यांवर लक्ष ठेवणार. उजवीकडचा तोफ भरणार. माझे पाचजण गप्पा मारत होते. इथे एका माणसाला तिघांचे काम करताना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मेजर नारंग बाहेर डोके काढून का उभे होते, हे मला वीरश्रीच्या वर्णनांतून कधी उमगले नव्हते. ते त्या नखाएवढ्या झाकणाने सांगितले. आत बसून नेम धरता येतो, पण धुक्यात चौदा रणगाडे सांभाळायचे तर बाहेर पाहावे लागते.

दुसरी गोष्ट जाडीची. आमचे जालना सळयांचे गाव. देशभरातले भंगार इथे येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला इथे आठ, बारा, सोळा 'एमएम' तोंडपाठ असते. तर या रणगाड्याचे बाजूचे कवच पंधरा मिलिमीटरच्या आतबाहेर आहे. म्हणजे आपल्या घराच्या खांबात जी सोळाची सळई घालतो, तिच्याएवढी जाडीही त्या तिघांच्या आणि गोळ्याच्या मध्ये नव्हती. मशिनगनच्या गोळ्या अडतील, तोफेचा गोळा अडणार नाही. कारण सरळ आहे. जाड केला असता तर बुडाला असता. तरंगण्यासाठी त्याची चाकेसुद्धा पोकळ ठेवली आहेत.

आणि गंमत पाहा. खोक्यातले प्लास्टिक साधारण एक मिलिमीटर जाडीचे. पस्तीसने गुणले की पस्तीस मिलिमीटर! म्हणजे माझ्या टेबलावरचा खेळण्यातला रणगाडा, प्रमाण धरले तर, खऱ्याच्या दुपटीहून जास्त भक्कम. म्हणून जाणकार मंडळी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन उघड्या कडा आतून घासत बसतात, पापुद्र्यासारख्या पातळ करतात. मीही घासल्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पण रणगाड्यातला माणूस सुरक्षित असतो ही माझ्या मनातली समजूत त्या भुशाबरोबर झडून गेली.

पट्टा बसवतानाही तेच. या रणगाड्याला प्रत्येक बाजूस सहा चाके आहेत आणि पट्टा वरून उचलून धरणारी छोटी चाके नाहीत. त्यामुळे वरचा पट्टा आपल्या वजनाने मोठ्या चाकांवर सैल पडतो. मी आधी तो सतारीच्या तारेसारखा ताणून बसवला. दिसायला टापटीप आणि साफ खोटा. काढून पुन्हा बसवला. शेवटी काही भाग उरले, तेव्हा बँकेतल्या सवयीने छातीत धस्स झाले. उरलेले म्हणजे चुकलेले! नंतर कळले की एकाच साच्यातून दोन-तीन तऱ्हांचे रणगाडे काढतात आणि नको असलेल्या भागांवर कागदात फुली असते.

मग रंगाचा दिवस आला आणि माझ्यातला कादंबरीकार पुन्हा जागा झाला. युद्ध म्हटले की झीज, पडझड, गंज. स्पंजने कडेकडेने रंग उडवला, तांबूस पूड चोळली, तोफेच्या बुडाशी, झाकणांच्या बिजागऱ्यांशी, पट्ट्यावर गंजाचे ओघळ सोडले. नमुन्याला मला हवे तेवढे होते. एमआयडीसीतल्या कुठल्याही भंगाराच्या ढिगाऱ्याशी उभे राहिले की गंजाच्या वीस छटा दिसतात. काम फार सुंदर उतरले. मुलाने फोटो काढून मित्रांना पाठवले आणि सगळ्यांनी वाहवा केली.

त्या हवालदारांना घरी बोलावले. आता त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली आहे. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, "माणसं तीनच धरलीत ना आता?" मी हो म्हणालो. मग बोट न लावता, दुरूनच दाखवत म्हणाले, "हा गंज कशाला लावला हो साहेब? भंगारात टाकलाय का ह्याला?"

"युद्धातला आहे नाना, म्हणून..."

"युद्धातला हाय म्हणूनच. गाडी थांबली की पोरं आधी तिला पुसायची, तेल द्यायची, मग जेवायची. गंज दिसला असता तर साहेबानं सोडलं असतं का? आन् चालत्या पट्ट्याला गंज धरतो का? घासून घासून चमकतो तो. चिखल लावा. चिखल लई होता. पर आपल्यासारखा काळा नको, राखाडी. धूर निघतो तिथं गंज राहू द्या. आन् वरचं झाकण उघडं ठेवा."

मला जे म्हणायचे आहे ते इथून पुढे आहे.

गंज म्हणजे लढाई नव्हे, दुर्लक्ष. आणि मी त्या माणसांच्या नावावर दुर्लक्ष मांडले होते, तेही देखणे म्हणून. पण हा दोष माझ्या एकट्याचा नाही. आपण सैनिकाची आठवण दोनच तऱ्हांनी ठेवतो. एक, चौकातल्या चौथऱ्यावर चकाचक रंगवलेला रणगाडा. पंधरा ऑगस्टला माळ, एरवी त्याच्यासमोर फोटो. दुसरी, माझ्यासारख्या लेखकांची, जखमा आणि गंज यांची हळवी शोभा. दोन्हींत माणूस नाही. रोज संध्याकाळी थकलेल्या हातांनी यंत्र पुसणारा, तेल देणारा, मग जेवणारा माणूस दोन्हींतून निसटतो. तो तपशिलातच सापडतो आणि तपशील ही आपल्याकडे वरची नक्षी समजली जाते.

ही खोड शाळेपासून लागते. कार्यानुभवाच्या तासाला मुलाने किल्ला करून आणायचा असतो. आदल्या रात्री आई-बाप स्टेशनरीच्या दुकानातून तयार किल्ला आणतात. त्याला दरवाजा कोणत्या दिशेला आहे, पाण्याचे टाके कुठे आहे, हे ना विकणाऱ्याला ठाऊक असते ना घेणाऱ्याला. गुण मात्र मिळतात.

आणि आपल्या जिल्ह्यात काय नाही? २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांच्या अफाट फौजेसमोर वेलस्ली हा इंग्रज सेनापती थोडक्या सैन्यानिशी उभा होता. केळनेला जवळ उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. त्याने पाहिले की दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे आहेत. एवढी जवळची गावे असतील तर लोक येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच, हा त्याने केलेला हिशोब. तो खरा निघाला. शिंद्यांच्या तोफच्यांनी तोफांची जागा सोडली नाही. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर माणूस पडला. पुढे नेपोलियनला हरवलेला हाच माणूस म्हातारपणीही असईलाच आपले सर्वांत चांगले काम म्हणत असे. त्या दोन गावांकडे पाहण्याची नजर तपशिलाची होती. आमच्या किती मुलांनी ती केळना, तो उतार आणि त्या तोफांची रांग स्वतः मापे घेऊन पुठ्ठ्यावर उतरवली आहे?

कुणी म्हणेल, युद्धाची यंत्रे मुलांच्या हातात कशाला देता, बैलगाडी करायला सांगा. अगदी मान्य! पण तीही अशीच करायला सांगा. चाकाला आरे किती, धाव कशी चढवतात, जू किती लांब, हे मोजून आणि एखाद्या सुताराला विचारून. यंत्र कोणते हा मुद्दाच नाही. रणगाड्याने रक्त सळसळेल ही भीती तर मला उलटीच वाटते. रक्त सळसळते ते पडद्यावर. कडा घासून पातळ करणाऱ्याला पहिल्यांदा कळते की आतला माणूस किती उघडा होता.

अहिल्यानगरला १९९४पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. निरनिराळ्या देशांचे पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे मोकळ्या आवारात उभ्या आहेत. आपल्याकडच्या सहली शिर्डीला आणि वेरूळला जातात, त्यातली एखादी तिथेही न्यावी. मुलांच्या हातात वही आणि मोजपट्टी द्यावी. आणि गावात १९७१चा एखादा हवालदार अजून असेल तर त्याला वर्गात बोलावून मुलांनी केलेले काम दाखवावे. हे लोक आता थोडे उरले आहेत. चूक दाखवणारा माणूस गेला की चुकीचाच इतिहास होतो.

मी माझा गंज काढला. थिनरमध्ये बुडवलेल्या काडीने तो उतरवायला लावण्यापेक्षा जास्त दिवस लागले. मुलाचे मित्र म्हणाले, आधीचाच चांगला दिसत होता. धुराच्या तोंडाशी थोडा ठेवला, पट्ट्याच्या घासणाऱ्या कडा पेन्सिलीच्या शिशाने चमकवल्या आणि राखाडी चिखल चाकांच्या वरपर्यंत लावला. वरचे झाकण उघडे ठेवले आहे.

नाना परत आले, तेव्हा त्यांनी एकदा वाकून पाहिले आणि मान हलवली. मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत राहिले. त्यांच्याच तुकडीतला, शेजारच्या तालुक्यातला, परत न आलेला. तो काय खायचा, कुणाला पत्रे लिहायचा, बूट कसे घट्ट बांधायचा. कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. त्यातले ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे. गप्पा काढून टाकल्या आहेत. माणसे तीन आहेत.