सांधायचं की शिवायचं?

दोस्तांनो, कवितेवर पुष्कळ लिहून झालं. क्रांतीवरही झालं. आता जरा लोखंडावर बोलू.

आपल्यातली पाच-सहा पोरं सध्या जुनी मशीन बघत फिरताहेत. कातडं शिवायची, कारखान्यातली, बिडाची. कुणाकडं बचत गटाचे पैसे आहेत, कुणी बायकोची बोरमाळ मोडलीय, कुणाचं कर्ज मंजूर होतंय होतंय म्हणत सहा महिने लटकलंय. जो तो मला विचारतो, "दादा, कुठली घेऊ?" मी धारावीत अठरा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर बसलो म्हणून विचारतात. एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून हे.

आधी एक भांडण उरकून घेऊ. काही शिकलेले मित्र म्हणतात, कातड्याचा धंदाच सोडा, मशीन कसली घेता? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, ते विसरलात काय? विसरलो नाही. ज्याला सुटता येतं त्यानं खुशाल सुटावं, त्याच्या पायात आरी टोचणारा मी नव्हे. पण ज्याचं पोट आज रापीवर आहे त्याला "सोड" म्हणणं सोपं, आणि सोडल्यावर त्याला काय देणार हे सांगताना ह्याच मित्रांची दातखीळ बसते. माझा प्रश्न वेगळा आहे. हात आपले, पाठ आपली, डोळे आपले, मग मशीन शेठची का? सुई तुटली की आमचा शेठ मजुरीतून कापायचा. दोरा गुंतला, बॉबीन संपली, वीज गेली, तो वेळ आमचा. नगावर मजुरी असली की मशीनचा प्रत्येक खोकला कारागिराच्या खिशातून जातो.

ही गोष्ट धारावीतच सुरू झाली असं समजू नका. अमेरिकेत लिन नावाचं बूट बनवणारं गाव आहे. तिथं यान मॅट्झेलिगर हा काळा कामगार बूट कारखान्यात राबत होता. जन्म १८५२, सुरिनामचा. फर्म्यावर बुटाचं वरचं कातडं ताणून बसवायचं काम तोवर हातानंच व्हायचं. ह्या पठ्ठ्यानं दिवसा कारखान्यात राबून, रात्री जागून त्याची मशीन केली आणि १८८३ साली पेटंट मिळवलं. हातानं दिवसाला पन्नासेक जोड होत, मशीनवर दीडशेपासून सातशेपर्यंत होऊ लागले. १८८९ साली तो क्षयानं मेला, वय छत्तीस. मशीन भांडवलवाल्यांच्या कंपनीकडं गेली, आणि तिथून पुढं १८९९ साली जी युनायटेड शू मशिनरी कंपनी उभी राहिली तिच्या पोटात. ह्या कंपनीनं आपल्या मोठ्या मशीन विकल्याच नाहीत, भाड्यानं दिल्या. त्याच्याही आधी मॅके नावाच्या भांडवलदारानं तळवा शिवायच्या मशीन अशाच दिल्या होत्या: जोड शिवा, जोडामागं पैसे मोजा. म्हणजे काळ्याचं डोकं, गोऱ्याचं भाडं. जुनी मशीन रोख पैसे मोजून आपली करायची, ह्यात काय आहे ते आता ध्यानात घ्या.

पण आपली करायची म्हणजे कुठली करायची? इथंच पोरं घसरतात.

सगळ्यांचं डोकं आधी एकाच मशीनकडं जातं. सिंगर २९के. लांब बारीक हात, वर फिरणारं मुंडकं, बाजूला हातचाक. चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात असते ती. के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो १९८० साली बंद पडला, मशीन अजून चालताहेत. हिची करामत अशी की खाली दातेच नाहीत. कातडं दाबून धरणारा वरचा पायच ते ओढतो, आणि तो पाय चहूकडं फिरतो. बूट जागच्या जागी राहतो, टाका वळतो. बुटाच्या आत, टाचेजवळ, जिथं दुसरी मशीन तोंड घालू शकत नाही तिथं ही जाते. वीज लागत नाही. फुटपाथवर बसणाऱ्याला ह्याहून चांगली मशीन मी सांगू शकत नाही.

पण तिच्यावर पन्नास पिशव्यांची ऑर्डर घ्या आणि बघा. बहुतेक नगांची बॉबीन एवढीशी, भरता भरता दिवस जातो. जाड दोरा तिला झेपत नाही. वरच्या पायाचे दाते कातड्याच्या तोंडावर उमटतात. जुन्या जोड्यावर ते खपून जातं, नव्या पाकिटावर गिऱ्हाईक बोट ठेवतं. ती सांधायची मशीन आहे, शिवायची नव्हे.

आणि आपली पोरं तिच्याचकडं का वळतात? कारण आज्याला तिच्यावर बघितलंय, बापाला तिच्यावर बघितलंय. ह्या समाजानं आपल्याला ठिगळाला बसवलं. नवं दुसऱ्यानं विकायचं, फाटल्यावर आपल्यापुढं टाकायचं, तेही लांबून. जे नवं आपण केलं त्यावर नाव दुसऱ्याचं लागलं. कोल्हापुरी वहाणेचंच बघा. ती कातड्याच्या वादीनं हातानं शिवतात, खऱ्या कोल्हापुरीला मशीन लागतच नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये तसल्याच वहाणा पोरांच्या पायात चढल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठं नव्हतं. इकडून ओरड झाली तेव्हा कबूल केलं. असो. सांगायचं ते हे की मशीन घेताना आधी कातड्याकडं नको, स्वतःकडं बघा: उद्या मी काय करून विकणार? दुरुस्तीच करणार असाल, मानानं करा, २९के घ्या. पिशव्या, पाकिटं, बॅगा करणार असाल तर ती कितीही स्वस्त मिळो, उचलू नका.

दुसरा मोह शिंप्याच्या जड मशीनचा. ३१के आणि तिच्या धर्तीच्या. कापडावर ती बिनतोड. कातड्यावर खालचे दाते खालचा थर ओढतात, वरचा थर पायाला चिकटून मागं राहतो. पातळ अस्तराला, मेंढीच्या मऊ कातड्याला चाकाचा पाय लावून निभतं. म्हशीच्या कातड्याचे दोन थर घातलेत की संपलं.

पिशवी-बॅगवाल्यानं शोधायची ती मशीन जिच्यात सुई, आतला पाय आणि खालचे दाते तिघंही एकदम पाऊल टाकतात. सिंगरची १११डब्ल्यू त्यातली, अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टची. जर्मन फाफ १४५ आणि ५४५, जपानी जुकी एलयू-५६३ ह्याच जातीच्या. जात हा शब्द मशीनपुरताच ठीक आहे. अशी मशीन थर सरकू देत नाही. जाड पट्टे, बैलाचा साज असलं काम असेल तर तिच्याही पुढं जावं लागतं, नळीसारख्या हाताच्या ४५के असल्या मशीनकडं. पण ते काम रोज मिळणार का ते आधी विचारा. मोठ्या लोखंडाला रोज काम लागतं, नाहीतर ते घरातली जागा खातं.

आता विक्रेता. जुन्या लोखंडाचा बाजारवाला तुम्हाला चकचकीत काळा रंग दाखवील. रंग म्हणजे काही नाही. जुना रंग खरवडलेला, सोनेरी नक्षी पुसलेली मशीन मला जास्त विश्वासाची वाटते, कारण तिनं काही लपवलेलं नसतं. हेड उलटं करा. खाली बिडाला तडा आहे का, कुणी वेल्डिंगचा ढेकूळ लावलाय का बघा. असेल तर पुढं चला. बिडाचं वेल्डिंग भरवशाचं नसतं. चाक फिरतच नसेल तर मात्र घाबरू नका. वर्षानुवर्षांचं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, रॉकेल आणि मशीनचं पातळ तेल दोन दिवस मुरू दिलं की पुष्कळदा सुटते. जाम झालेली मशीन परवडली. झिजलेली नको. सुईची दांडी चिमटीत धरून हलवा, चाक मागं-पुढं करा. चाक हललं आणि सुई बराच वेळ जागेवरच राहिली, तर आतले सांधे खलास.

आणि स्वतःचं कातडं घेऊन जा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तो तुम्हाला कापडाच्या चिंधीवर सुरेख टाका काढून दाखवील, कापडावर कुणीही शिवेल. आपलं कातडं, आपला नायलॉन दोरा, कातड्याची कापत जाणारी सुई. एकाच मापाच्या दोन पट्ट्या, हातभर लांब, चिकटवायच्या नाहीत. एकावर एक ठेवून शिवा. शेवटी दोन्ही टोकं बरोबर आली तर मशीन चालते नीट. एक टोक पुढं गेलं तर पैसे खिशात ठेवा. मग दोन थरांवरून चार थरांवर चढवा, पुन्हा उतरवा. चढावर टाका सुटला तर शटलचं टोक झिजलंय किंवा सुईशी त्याचा मेळ बिघडलाय. मेळ मिस्त्री बसवून देईल, झिजलेलं टोक म्हणजे नवा सुटा भाग. २९के असेल तर पाय फिरवून चारी दिशांना शिवा आणि टाके मोजा. एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड येत असतील तर तिचा ओढायचा भाग गेला. कापडावरची चूक उसवता येते. कातड्यावरचं भोक मरेपर्यंत राहतं.

सुई मिळते का तेही बघा. १११डब्ल्यूला कातड्यासाठी १३५ बाय १६ ही सुई लागते, २९केची वेगळी. आपल्या मिस्त्रीला आधी विचारा, सुटे भाग मिळतात का. मिस्त्री नाही म्हणाला तर जर्मन असो नाहीतर आणखी कुठली, ती शोभेची वस्तू.

शोभेवरून आठवलं. हॉटेलवाल्यांनी पायमशीनचे बिडाचे स्टँड उचलून वर संगमरवर बसवलाय, त्यावर कॉफी पितात. च्यायला, ज्या पायट्यावर आमच्या बायांच्या पोटऱ्या गेल्या त्यावर ह्यांचे कप. त्यात आपलं नुकसान असं की चांगल्या स्टँडचा भाव वाढलाय. स्टँडवर जीव टाकू नका. हेड बघा.

मोटर जुनी घेऊ नका. क्लच मोटर बटण दाबल्यापासून घुमत राहते, तुम्ही शिवा न शिवा, मीटर फिरतं, आणि पाय टेकला की मशीन पळते. सर्वो मोटर लावा, कासवाच्या चालीनं टाका टाकता येतो. नवशिक्याला, आणि आपल्या बायांना, हिच्यावर शिकणं सोपं. बाया म्हटलं की काही जण हसतात. आपल्याच गाळ्यांत बघा: गोंद लावायला बाई, दोरे कापायला बाई, मशीनवर बाप्या. शेठनं आपल्याला खाली बसवलं, आपण घरच्या बाईला आणखी खाली बसवलं.

एक धारावीकरांसाठी. पुनर्विकासात उद्या गाळा कुठं मिळेल, मिळेल की नाही, कोण पात्र कोण अपात्र, कुणाला ठाऊक. टेबलावरून हेड सुटतं, दोघांनी उचललं जातं, अशीच मशीन घ्या. चौघांनी मिळून एक घेतली तरी चालेल. कुणी किती तास बसला त्याची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, दोस्तीत राहू द्या म्हणू नका.

आणि पावती. जुन्या बाजारात पावती मागितली की हसतात. हसू द्यात. साध्या कागदावर का होईना, हेडचा नंबर, तारीख, रक्कम, विकणाऱ्याची सही. नाव शिवणाऱ्याचं टाका. बाई शिवणार असेल तर बाईचं.