कायदा आणि कारभार : दोन्ही विद्या आपल्या माणसांच्या हाती हव्यात

दिल्लीच्या किमान वेतनाचे प्रकरण कामगार चळवळीने विसरू नये. ३ मार्च २०१७ रोजी दिल्ली सरकारने अधिसूचना काढून अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा ९,७२४ रुपयांवरून १३,३५० रुपयांवर नेले. वाढ सुमारे ३७ टक्क्यांची होती. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि ४ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. कामगाराला एवढे वेतन देणे गैर आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. ज्या समितीच्या सल्ल्यावर दर ठरले तिची रचना सदोष होती, सल्ल्यामागे पुरेशी माहिती नव्हती आणि संबंधितांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी मिळाली नव्हती, ही कारणे होती. पुढे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दर तात्पुरते लागू करण्यास परवानगी दिली आणि सरकारला सर्व प्रक्रिया नव्याने करायला सांगितले. नवी अधिसूचना निघाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये.

मागणी न्याय्य होती, सरकार अनुकूल होते, आणि तरीही कामगाराचा घास अडकला तो कारभाराच्या पद्धतीत. समिती कशी नेमावी, आकडेवारी कोठून घ्यावी, हरकती कशा ऐकाव्यात, टिपणी कशी लिहावी, हा लोकप्रशासनाचा विषय झाला. त्यातील कोणती चूक न्यायालयात टिकणार नाही, हा कायद्याचा विषय झाला. या दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवणारा माणूस कामगारांच्या बाजूला असता, तर समितीच्या पहिल्याच बैठकीत त्याने धोक्याची घंटा वाजवली असती. म्हणूनच कायदा आणि लोकप्रशासन यांच्या संयुक्त पदव्युत्तर शिक्षणाचा प्रश्न आम्ही या पानांवर मांडत आहोत. हा प्रश्न केवळ विद्यापीठांचा नाही, कामगारांच्या भाकरीचा आहे.

न्यायनिवाड्याची यंत्रणाच आता या दोन पायांवर उभी राहत आहे. १९८५ च्या कायद्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे मुख्य पीठ दिल्लीत आहे आणि खंडपीठावर एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य बसतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना हे परिचयाचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हीच रचना कारखान्यातील कामगारांसाठी आणली आहे. संहितेनुसार औद्योगिक न्यायाधिकरणात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असावयाचा आहे. बडतर्फी, कामगार कपात, संपाची वैधता, स्थायी आदेश यांसारखी प्रकरणे दोघांच्या पीठासमोर चालावयाची आहेत. या संहितांना असलेला कामगार चळवळीचा विरोध कायम आहे. पण विरोध करतानाही उद्या ज्या पीठासमोर उभे राहायचे त्याची भाषा आपल्याला यायला हवी. त्या पीठावरील एक सदस्य कायद्याची कलमे पाहील, तर दुसरा प्रशासनाच्या नजरेने फाईल वाचेल. आपला प्रतिनिधी दोघांनाही उत्तर देऊ शकला पाहिजे.

मान्यतेचेही तसेच आहे. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तर वाटाघाटी करणारी एकमेव युनियन म्हणून मान्यता, असे संहिता म्हणते. हजेरीपटावर कोणाची नावे आहेत, कंत्राटी कामगार कोठे दाखवले आहेत, पडताळणी कोण व कशी करणार, ही सारी कारभाराची कामे आहेत. राजधानी क्षेत्रात तर गुंता अधिकच वाढतो. कामगार राहतो नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात. कामाला जातो गुरुग्रामला, म्हणजे हरियाणात. कंत्राटदाराची कचेरी असते दिल्लीत. तक्रार कोणत्या सरकारच्या कोणत्या अधिकाऱ्याकडे न्यायची, हेच ठरवता ठरवता महिने निघून जातात.

येथे एक जुना अधिकार लक्षात ठेवला पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ ने नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगारांचे प्रतिनिधित्व करण्याचा हक्क दिला होता. समेटाच्या कामकाजात वकिलाला मज्जाव होता आणि न्यायाधिकरणासमोर वकील उभा करायचा तर विरुद्ध पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागे. नव्या संहितेतही हेच तत्त्व ठेवले आहे. परंतु १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाचा अधिकारी वा मालक संघटनेचा पदाधिकारी स्वतः वकील असला तरी त्याला अधिकारी या नात्याने उभे राहता येते. मालकांनी त्याचा अर्थ तत्काळ ओळखला. कायदा शिकलेले आणि व्यवस्थापन शिकलेले अधिकारी त्यांनी पगारावर ठेवले. तीच वाट युनियनलाही मोकळी होती व आहे. आपण तिचा उपयोग किती केला?

आता शिक्षणाची स्थिती पाहू. अमेरिकेत अनेक विद्यापीठांत कायदा आणि लोकप्रशासन यांची संयुक्त पदवी मिळते. वेगवेगळ्या केल्या तर पाच वर्षे लागणाऱ्या दोन पदव्या तेथे साधारणपणे चार वर्षांत पुऱ्या होतात. आपल्या राजधानीत भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ साली आणि भारतीय विधी संस्था १९५६ साली स्थापन झाली. एक इंद्रप्रस्थ इस्टेटमध्ये, दुसरी सर्वोच्च न्यायालयासमोर भगवानदास मार्गावर. दोन्हींमध्ये अंतर फारसे नाही, पण एका इमारतीतील विद्या दुसरीत जोडून शिकण्याची सोय कामगाराच्या वाट्याला आलेली नाही. लोकप्रशासन संस्थेत १९७५ पासून वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी दीर्घ मुदतीचा अभ्यासक्रम चालतो आणि सरकार आपल्या अधिकाऱ्यांना तेथे पाठवते. अधिकाऱ्यांनी शिकावे, याला आमचा आक्षेप नाही. पण टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्याचे काय?

एके काळी दिल्ली विद्यापीठाच्या लॉ सेंटर-१ आणि लॉ सेंटर-२ मध्ये संध्याकाळचे वर्ग भरत. दिवसभर कचेरीत राबून कित्येक नोकरदार तेथे वकिलीची पदवी घेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी वर्गांची वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ७ अशी बांधली आणि ७० टक्के हजेरीची अट घातली. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याकडून मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्रही मागितले. ज्या मालकाविरुद्ध उद्या उभे राहायचे, त्याच्याकडेच आज शिकण्याची परवानगी मागायची! २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरीअभावी विधी विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखण्यास मनाई केली आणि बार कौन्सिलला नियमांचा फेरविचार करण्यास सांगितले. हा फेरविचार नोकरदारांना समोर ठेवून व्हावा, ही मागणी रेटण्याची वेळ आहे.

तोपर्यंत एक वाट मोकळी आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. एल्‌एल.बी. करताना दुसरी नियमित पदवी घेण्यास बार कौन्सिलची मनाई आहे, परंतु विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातील अभ्यासक्रम त्या मनाईतून वगळलेला आहे. मैदान गढी येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ लोकप्रशासनातील एम.ए. घरबसल्या देते. म्हणजे एका बाजूने एल्‌एल.बी. आणि दुसऱ्या बाजूने मुक्त विद्यापीठाचे एम.ए., अशी जोडपदवी कष्टाने का होईना साधता येते.

मराठी वाचकाला या विचाराची ओळख नव्याने करून द्यायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर व अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला आणि पुढे लंडनला ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. कारभाराची विद्या आणि कायद्याची विद्या एकाच माणसात एकत्र आली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीत होते. युनियनला मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ साली मांडले. तसा कायदा १९४७ साली मंजूरही झाला, पण तो कधीच अमलात आणला गेला नाही. कायदा झाला तरी कारभाराने मनावर घेतले नाही तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लढे पदव्यांनी जिंकले जात नाहीत, एकजुटीने जिंकले जातात. हे आम्हांला शंभर टक्के मान्य आहे. एकजूट नसेल तर सर्वात हुशार प्रतिनिधीही रिकाम्या हाताने परततो. पण गेटवर जिंकलेली गोष्ट कचेरीत हरली जाऊ नये, एवढीच आमची मागणी आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिकलेला कार्यकर्ता चळवळ सोडून मोठ्या पगारावर जाईल, किंवा उरलाच तर कामगारांच्या डोक्यावर बसेल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय असा की, विद्यार्थी युनियनच्या सर्वसाधारण सभेने निवडावा, त्याने किमान पाच वर्षे युनियनचे काम करण्याची हमी द्यावी, आणि दर महिन्याला शाखेत अभ्यासवर्ग घेऊन आपली विद्या इतरांना वाटावी.

महासंघासमोर आम्ही काही सूचना ठेवतो. दिल्लीतील एखाद्या सार्वजनिक विद्यापीठात नोकरदारांसाठी कायदा व लोकप्रशासनाचा चार वर्षांचा संध्याकाळचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू व्हावा, यासाठी बार कौन्सिल व विद्यापीठ अनुदान आयोग यांच्याकडे पाठपुरावा करावा. प्रत्येक करारात अभ्यासरजेचे आणि ना-हरकत प्रमाणपत्र विनाअट देण्याचे कलम घालावे. नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आणि दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षण मंडळ यांच्या शिबिरांतून होतकरू कार्यकर्ते हेरावेत. आणि सभासदांच्या वर्गणीतून दरवर्षी निदान दोघांना शिष्यवृत्ती द्यावी, त्यांत एक महिला असावी.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीला आलेली मुले-मुली राजेंद्रनगर, करोलबाग, मुखर्जीनगरच्या खोल्यांत वर्षानुवर्षे लोकप्रशासन वाचतात. निवड होते ती मोजक्यांची. उरलेल्यांचे ज्ञान वाया जाते आणि मनात अपयशाचा सल राहतो. यातील अनेकजण शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले आहेत. दिल्लीतील मराठी सभासदांनी त्यांच्याकडे जावे आणि त्यांना सांगावे की अधिकाऱ्याची खुर्ची मिळाली नाही तरी त्या खुर्चीसमोर कामगाराची बाजू मांडणारी जागा रिकामी आहे. ती आपल्या माणसांनी भरली नाही, तर आपल्या वतीने बोलणारे दुसरेच कोणीतरी तेथे येऊन बसतील.