हरवत चाललेली रात्र

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. ही वार्ता मथळ्यांत झळकली, दोन दिवस चर्चिली गेली आणि विस्मरणात गेली. दुर्लक्षित राहिला तो त्याच नोंदींतील दुसरा तपशील. त्या वर्षी दिवसाच्या कमाल तापमानाची देशव्यापी सरासरी नेहमीपेक्षा ०.२० अंश सेल्सिअसने अधिक होती. रात्रीच्या किमान तापमानाची सरासरी मात्र ०.९० अंशाने. दिवसापेक्षा रात्र अधिक तापली, हा त्याचा सरळ अर्थ. समाजाच्या आरोग्याच्या दृष्टीने हा दुसरा आकडा पहिल्याहून गंभीर आहे.

दिवसभर साठलेली उष्णता शरीर रात्री बाहेर टाकते. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आंतरिक तापमान किंचित उतरावे लागते. परंतु सिमेंटच्या भिंती, डांबरी रस्ते आणि पत्र्याची छपरे दिवसा शोषलेली धग रात्रभर ओकत राहतात. त्यामुळे हृदयाला विसावा मिळत नाही आणि वृद्ध, हृदयरोगी, मधुमेही यांच्यावरील ताण दिवसागणिक साचत जातो. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यातून बोध घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. पूर्वसूचना, पाणपोया, रुग्णालयांची सिद्धता असे त्याचे साधे स्वरूप पुढे देशभर अनुकरणीय ठरले. पण आराखडा दुपारी वाचवू शकतो. रात्र ज्याची त्यालाच सांभाळावी लागते.

आणि नेमक्या याच रात्रीवर दुसरे आक्रमण झाले आहे, ते तळहातावरील पडद्याचे. अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन हे निद्रेस पोषक संप्रेरक स्रवू लागते. पडद्याचा निळसर प्रकाश त्यास अटकाव करतो. प्रकाशाहूनही घातक असते ती पडद्यावरची अखंड सामग्री. ती मनाला निवांत होऊ देत नाही. ही दोन संकटे परस्परांना पोसतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. उन्हामुळे मैदान ओस पडते आणि मुलाच्या हाती भ्रमणध्वनी येतो. उकाड्याने झोप येत नाही म्हणून मोठी माणसे तोच हाती घेतात, आणि तो हाती आहे म्हणून पहाटेचा गारवा आला तरी डोळा लागत नाही. दुसऱ्या दिवशीची चिडचिड, विस्मरण, अभ्यासातील मागासलेपण यांचे खापर मग मुलाच्या स्वभावावर फोडले जाते.

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. दिवसा झोपणे सामान्यतः निषिद्ध मानूनही ग्रीष्म ऋतूत त्यास अनुमती दिली, कारण त्या ऋतूतील रात्र लहान असते. ऋतू पाहून दिनचर्या बदलण्याचे हे शहाणपण होते. शरीराच्या अंतर्गत घड्याळाचे रहस्य उलगडणाऱ्या तिघा अमेरिकी वैज्ञानिकांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. ते घड्याळ पाळण्याची शिस्त आपल्या घरात पूर्वापार होती; ती आपल्याच हातांनी मोडली जात आहे, याची खंत वाटली पाहिजे.

अर्थात, सर्वांच्या हाती ही निवड नाही. भर दुपारी दुचाकीवरून जेवणाचे डबे पोहोचविणाऱ्या तरुणाला भ्रमणध्वनी खाली ठेवता येत नाही. त्याची भाकरी त्यावरील घड्याळाशी बांधलेली आहे. ऊन आणि यंत्र या दोहोंचा जाच तो एकाच वेळी सोसतो. त्याला दारात पाण्याचा तांब्या देणे आणि दहा मिनिटांच्या विलंबासाठी त्याच्यावर न डाफरणे, हीदेखील समरसताच होय.

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास १० डिसेंबर २०२५ पासून कायद्याने बंदी केली. कायद्याचे मोल आहेच. परंतु सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याआधीच, २०२२ मध्ये, ग्रामसभेच्या बळावर निराळी वाट दाखविली. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात वा एकमेकांशी बोलतात. कुणावर सक्ती करण्यापेक्षा गावाने एकत्र ठरविले, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

संघशताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि पर्यावरण हे दोन स्वतंत्र विषय आहेत. घरातील रात्र वाचविण्याच्या कामी ते एकत्र येतात. अंगणात, वस्तीत सावली देणारी झाडे, छपराला पांढरा चुना, उन्हाळ्यात मैदानावरील खेळ भल्या सकाळी, रात्रीचे जेवण एकत्र आणि त्यानंतर सर्वांचे भ्रमणध्वनी एका फडताळात, यांपैकी कशालाही शासनाच्या अनुदानाची प्रतीक्षा नको. मात्र आरंभ मोठ्यांपासून व्हावा लागेल. मध्यरात्रीपर्यंत निरोप आणि चित्रफिती पुढे धाडत राहणाऱ्या कार्यकर्त्याने सकाळच्या शाखेत बालांना संयमाचा बोध करणे व्यर्थ आहे. पृथ्वीचा ताप उतरण्यास पिढ्या लागतील. घरातील दिवा वेळेवर मालविण्यास आजची रात्र पुरेशी आहे.