समुद्राच्या पाण्याचे वय मोजणारा विद्यार्थी

मुलगा-मुलगी एम.एस्सी. झाली की घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. तो निघणारच. अशा वेळी पोर म्हणाले, 'मला समुद्राच्या रसायनशास्त्रात संशोधन करायचे आहे,' तर आईबाप गप्पच होतात. पाणी खारट आहे हे सर्वांना ठाऊक. त्यात पाच-सहा वर्षे काय शोधायचे? म्हणून अशाच एका विद्यार्थ्याची वाटचाल आम्ही येथे मांडत आहोत.

त्यांचे नाव वॉलेस ब्रोकर. (आडनाव ब्रोकर असले तरी दलालीशी संबंध नाही!) जन्म १९३१ चा, अमेरिकेतील शिकागोचा. वडील पेट्रोल पंप चालवीत. घरात पाच भावंडे. आईवडील इतके कर्मठ, की पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वीच निर्माण झाली असे मानीत. शिवाय मुलाला वाचताना अक्षरांचा घोळ होई. ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात तो त्रास त्यांना होता. अशा मुलाला आपल्याकडे 'ढ' म्हणून मोकळे होतात.

१९५२ च्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका विद्यार्थ्याने त्यांना न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉंट प्रयोगशाळेत सुटीपुरते काम मिळवून दिले. सुटी संपल्यावर ते परत गेलेच नाहीत. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातले आणि २०१९ साली निधन होईपर्यंत त्यांचे नाते याच प्रयोगशाळेशी राहिले.

तेथे काम होते कार्बन-१४ मोजण्याचे. हा कार्बन हवेत सतत थोडाथोडा तयार होतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. समुद्राचे वरचे पाणी तो हवेतून घेते. उत्तर अटलांटिकमध्ये हे पाणी गार होते, जड होते व खोल बुडते. हवेशी संबंध तुटला की त्यातला कार्बन-१४ घटू लागतो. मग खोलवरचे पाणी वर काढायचे, त्यातला कार्बन वेगळा करून मोजायचा, की ते केव्हा बुडाले ते कळते. पाण्याचा जन्मदाखलाच म्हणा ना! पॅसिफिकच्या उत्तरेकडील खोल पाण्याने सुमारे हजार वर्षे हवा पाहिलेली नसते.

पुढे एका पुरातत्त्वज्ञाने ब्रोकर यांना सुनावले की तुला गणित येते, पृथ्वी मात्र कळत नाही. आणि तो त्यांना नेवाडाच्या रखरखीत मुलखात घेऊन गेला. तेथे डोंगरांच्या अंगावर जुन्या तलावांच्या पाण्याच्या खुणा उंचावर दिसतात. त्यांचे वय काढले, म्हणजे पूर्वीचे हवामान उलगडू लागले. समुद्र आणि जुने हवामान असे दोन्ही एकाच प्रबंधात आणून १९५८ साली ते डॉक्टर झाले. १९६० मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिले की सुमारे ११,००० वर्षांपूर्वी हवामान एकाएकी पालटले होते. आणि १९७५ च्या लेखात त्यांनी विचारले, धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापण्याच्या उंबरठ्यावर आपण आहोत काय? पुढे झाले तेच.

हे काम आपल्या जवळही चालते. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ नळीने काढून त्यातल्या वाळूच्या कणाएवढ्या शिंपल्यांवरून हजारो वर्षांपूर्वीचा पावसाळा कसा होता, हे शोधले जाते. ज्यांची रोजी पावसावर आहे त्यांच्या पोरांनी हे करू नये तर कोणी करावे? मुलीला जहाजावर कसे पाठवायचे म्हणणाऱ्यांनी नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत यांचे नाव ध्यानात ठेवावे. याच संस्थेतून त्या १९८३ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या.

राहिला पैशाचा प्रश्न. एम.एस्सी. नंतर सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा असते. त्यात जेआरएफ मिळाली तर दरमहा विद्यावेतन मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते ३७,००० रुपये करण्यात आले. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन देता येते, किंवा पृथ्वी, वातावरण व सागर यांचा वेगळा विषय आहे तो घेऊन. म्हणजे बी.एस्सी.ला रसायनशास्त्र सोडू नका, एवढे बारावीच्या मुलांना आत्ताच सांगून ठेवावे.