हाड एवढ्याशाने का मोडलं?

"डॉक्टर, नुसता वैरणीचा भारा उचलला आणि कमरेत कट्कन झालं." बारामती-इंदापूर भागातल्या साठीपुढच्या आयाबायांकडून हे नेहमी ऐकतो. घरचे म्हणतात, उसण भरली असेल. चोळून घेतात, शेक देतात. प्रत्यक्षात कधी कधी मणका दबून मोडलेला असतो.

माझं स्पष्ट मत आहे: पन्नाशीनंतर किरकोळ कारणाने हाड मोडलं, तर त्याला नुसता अपघात समजू नका. त्यामागे बहुधा हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असतो.

एक खडू घ्या. वाकवला तर आडवा, सरळ तुटतो. पिळला तर तिरका, मळसूत्रासारखा तुटतो. आता थोडा वाकवून धरा आणि मग पिळा. एरवी सोसला असता तेवढ्या पिळालाही तो तुटेल. ठिसूळ वस्तूत बारीक भेगा आधीच असतात. दोन्ही ताण भेगेच्या टोकाशी एकत्र येतात आणि भेग पुढे सरकते.

आपलं हाड खडूइतकं ठिसूळ नाही. त्यात कॅल्शियमच्या क्षारांबरोबर कोलॅजेनचे चिवट तंतू असतात. शिवाय रोजच्या कामाने पडलेल्या सूक्ष्म भेगा जिवंत हाड स्वतः बुजवतं. पाळी गेल्यावर मात्र झीज जास्त आणि भरणी कमी होते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, धूम्रपान आणि दारूही हाड कमजोर करतात. मग वाकून भारा उचलणं आणि त्याच दमात कमरेत वळणं एवढंही पुरतं.

म्हणून ओझं उचलताना गुडघ्यात वाका, ते अंगाजवळ धरा, आणि वळायचं तर आधी पाऊल वळवा. अचानक पाठ दुखू लागली, उंची कमी झाली, पोक आलं तर एक्स-रे काढा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस. त्यावर चांगली औषधं आहेत. फक्त कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही. एक हाड मोडलं की दुसरं मोडण्याचा धोका वाढतो, आणि ते खुब्याचं असेल तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

तेव्हा प्लास्टर सुटलं म्हणून उपचार संपले असं मानू नका. आईला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा: हाड एवढ्याशाने का मोडलं?